गुणांचा हिशेब आणि तेलाचा पिपा

वजन घटवण्याच्या आहारपद्धतींत गुणपद्धतीचे स्थान वेगळे आहे, कारण ती कोणताही पदार्थ वर्ज्य ठरवत नाही; प्रत्येक पदार्थाला त्यातील घटकांनुसार अंक देते आणि दिवसभराच्या अंकांना मर्यादा घालून निवड खाणाऱ्यावर सोपवते. जीन निडेच यांनी 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात स्थापन केलेल्या ‘वेट वॉचर्स’ या संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली. 1997 च्या अमेरिकी सूत्रात पदार्थातील उष्मांकांना 50 ने आणि स्निग्धांशाच्या ग्रॅमना 12 ने भागून येणाऱ्या आकड्यांची बेरीज केली जाई व तीतून चोथ्याच्या, म्हणजे न पचणाऱ्या तंतूंच्या, ग्रॅमचा पाचवा भाग वजा होई. ही वजावट मात्र 4 ग्रॅम चोथ्यापुरतीच मिळे. पुढे सूत्रे बदलली, प्रथिनांना सवलत मिळाली, साखर महागली आणि बहुतेक ताजी फळे शून्य गुणांची झाली; तरी मूळ सूत्र कागद-पेन्सिलीने मांडता येते, आणि म्हणूनच मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसरच्या स्वयंपाकघरात तपासून पाहण्यास तेच सोयीचे आहे.

2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचे हे दोन्ही तालुके संत्र्याचे, कापसाचे आणि विदर्भाशी नाते राखणाऱ्या मराठी चुलीचे आहेत. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे 167 उष्मांक, एक ग्रॅमहून कमी स्निग्धांश आणि भरपूर चोथा असल्यामुळे तिचे गुण अडीचच्या थोडे वर जातात. मात्र भाजीच्या फोडणीत पडणाऱ्या एका मोठ्या चमचाभर तेलाचे, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅमचे, गुण साडेतीन होतात. वजन वाढले की घरोघरी प्रथम भाकरीवरच संशय घेतला जातो, तो या हिशेबात टिकत नाही. तर्रीपोह्यांतही पोह्यांपेक्षा वर तरंगणारी तर्रीच गुण वाढवते, आणि उपवासाच्या साबुदाणा खिचडीची वाटी साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट व तूप मिळून सहज दहाच्या घरात जाते; सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला साधारण वीस ते पंचवीस गुण मिळत, हे ध्यानात घेतले तर उपवासाने वजन उतरते ही समजूत किती भाबडी आहे ते कळते. संत्र्याच्या बाबतीत या पट्ट्याचे भाग्य मोठे, कारण सोलून खाल्लेले फळ नंतरच्या सूत्रांत फुकट आहे. रस काढला की चोथा जातो आणि गुण लागतात, व संत्राबर्फीला तर फळाची सवलत मुळीच नाही.

पद्धत समजणे सोपे, टिकवणे अवघड. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटन, जर्मनी व ऑस्ट्रेलियातील 772 प्रौढांच्या अभ्यासात या संस्थेच्या कार्यक्रमात पाठवलेल्यांचे वजन वर्षभरात सरासरी सुमारे 5 किलोंनी, तर नेहमीच्या वैद्यकीय सल्ल्यावर असलेल्यांचे सव्वादोन किलोंनी घटले. परंतु कार्यक्रमात वर्ष पुरे करणारे 61 टक्केच होते. त्या देशांत डब्यावर घटक छापलेले असतात आणि ताट एकट्याचे असते. पांढुर्ण्यात भाजी एका पातेल्यात शिजते, वाढणारी आणि जेवणारा वेगळे असतात, आग्रहाला नाही म्हणणे उद्धटपणा ठरतो, आणि सर्वांत शेवटी जेवणारी गृहिणी उरलेले संपवते, जे कोणत्याच वहीत चढत नाही. अशा घरात ताटागणिक गुण मोजण्याचा नेम महिनाभरात सुटला, तर तो दोष इच्छाशक्तीचा मानणे अन्यायाचे आहे.

मोजणीच्या या जाचामुळेच शेजारच्या काटोल परिसराचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेला दोनदाच जेवण्याचा मार्ग लोकांना भावला असावा. प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटोपायचे, मधे काही खायचे नाही, हा नियम पाळायला आकडेमोड लागत नाही हे त्याचे बळ आहे. पण त्यात जेवणातील तेल मोजले जात नाही, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने वैद्याला न विचारता तो अंगीकारणे धोक्याचे आहे.

म्हणून गुणांची मोजणी ताटावरून उचलून स्वयंपाकघरात न्यावी, हे अधिक शहाणपणाचे. पाच माणसांच्या घरात तेलाचा पंधरा किलोंचा पिपा दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज 50 ग्रॅम तेल पोटात जाते, ज्याचे गुण तेरा होतात. म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक वाटा भाकरीचा तुकडा मोडण्याआधीच संपतो. तोच पिपा साडेतीन महिने पुरवला तर गुण साडेसातच्या आसपास येतात, आणि त्यासाठी कुणाला वेगळे ताट किंवा वही लागत नाही. पोळ्याच्या पुरणपोळीची, दुसऱ्या दिवशी जांब नदीकाठी होणाऱ्या दगडफेकीच्या गोटमारीला आलेल्या पाहुण्यांच्या पंगतीची किंवा महालक्ष्म्यांच्या जेवणाची चिंता या हिशेबात गौण आहे. गुणपद्धतीतही आठवड्याची राखीव शिल्लक, एका आवृत्तीत 35 तर दुसरीत 49 गुणांची, अशाच दिवसांसाठी ठेवलेली होती, आणि सण वर्षात मोजकेच येतात, फोडणी मात्र रोज दोनदा पडते. तेव्हा वजनाची काळजी असलेल्या घराने नवा पिपा उघडताना त्याच्या झाकणावर तारीख लिहावी, आणि तो संपेल त्या दिवशी तेलाच्या वजनाला दिवसांच्या आणि जेवणाऱ्या माणसांच्या संख्येने भागून पाहावे.