बदलापूर ते अंबरनाथ : एक बिऱ्हाडबदल

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी, रामेश्वर, निदान हिमालय तरी हवा, अशी वाचकांची अपेक्षा असते. आम्हीं उभयतांनीं गेल्या माघांत केलेला प्रवास अवघ्या आठ किलोमीटरांचा. बदलापुरास गाडींत बसावें आणि पिशवी मांडीवर नीट घेऊन होते न होते तोंच अंबरनाथ यावें, एवढाच. तथापि त्या दिवशीं आम्हीं एक बिऱ्हाड मोडून दुसरें मांडलें, आणि मधले चार तास आम्हांला बिऱ्हाडच नव्हतें. ही हकीकत मुख्यतः त्या चार तासांची आहे.

हवापालटासाठीं पांच दिवस बाहेर राहून या, असा आमच्या चिरंजीवांचा आग्रह. सर्व व्यवस्थाही त्यांनींच दूरध्वनीवरून केली. पहिले तीन दिवस बदलापुरास बारवी धरणाच्या रस्त्यावरील एका शेतघरांत, पुढचे दोन अंबरनाथास देवळापासून जवळ एका अतिथिगृहांत. या आग्रहाच्या पोटांत दुसरा हेतु होता. तो आम्हांस ठाऊक होता, आणि आम्हांस ठाऊक आहे हें त्यांसही ठाऊक होतें. वाईचा आमचा वाडा भावाभावांच्या वाटणींत निघाला आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त कल्याणास असतात, आणि त्यांनीं बदलापुरास आमच्यासाठीं दोन खोल्यांची एक सदनिका पाहून ठेवली आहे. ‘एकदां तो भाग पाहून तर या,’ हें वाक्य हवापालटाच्या आड उभें होतें. सौभाग्यवतींनीं या विषयावर तीन दिवसांत एक अक्षरही उच्चारलें नव्हतें. चाळीस वर्षांच्या सहवासानंतरही असल्या मौनाचा अन्वय लावण्यास आमचें संस्कृत अपुरें पडतें.

शेतघराविषयीं तक्रार करण्याजोगें फारसें कांहीं नाहीं. सकाळीं धुकें निवळलें म्हणजे चंदेरीचा सुळका स्वच्छ दिसे. आवारांत जांभळीचीं जुनीं झाडें होतीं. बदलापूरच्या जांभळास अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालें आहे, हें तेथील माळ्यानें आम्हांस अशा थाटांत सांगितलें कीं जणूं तें त्याच्या मुलाच्या परीक्षेचें यश होतें. पण जांभूळ पिकण्यास ज्येष्ठ उजाडावा लागतो, त्यामुळें आम्हांस केवळ सावलीवर संतोष मानावा लागला. शनिवारीं मात्र तरुण मंडळींच्या दोन टोळ्या आल्या आणि पोहण्याच्या तलावाशेजारीं कर्णा लावून मध्यरात्रीपर्यंत नाचत राहिल्या. आम्ही कानांत कापूस घालून पडलों. तरुणांनीं नाचूं नये असें नाहीं. फक्त त्यांच्या गाण्यांत एकच ओळ शंभर वेळां कां येते, हें आम्हांस उमगलें नाहीं.

बदलापूर या नांवाची एक कथा तेथें प्रत्येक जण सांगतो. या वाटेनें जाणारें घोडदळ येथें घोडे बदलीत असे, म्हणून बदलापूर. हे घोडे शिवछत्रपतींचे, सुरतेच्या वाटेवरचे, असेंही कोणी सांगतात. व्युत्पत्ति कानाला गोड लागते. परंतु गोड लागणें हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, असें आम्ही वर्गांत सांगत आलों आहों. ‘बदल’ हा शब्द अरबी, ‘पूर’ हा संस्कृत. अशा सोयरिकी आपल्या गांवांच्या नांवांत पुष्कळ आहेत, आणि तेवढ्यावरून कथा खोटीही ठरत नाहीं. शिवाय रेल्वेचें स्थानक ज्या जागीं आहे तें कुळगांव. जुनें बदलापूर तेथून थोडें दूर, उल्हास नदीच्या अंगाला. आम्ही मात्र त्या सकाळीं घोड्याऐवजीं बिऱ्हाड बदलणार होतों, त्यामुळें कथा खरी मानून चाललों.

दहा वाजतां खोली सोडावी लागे, आणि अंबरनाथची खोली दोन वाजल्याखेरीज मिळणार नव्हती. पेटी भरण्याचें काम सौभाग्यवतींचें. औषधें, पंचांग, सोंवळें, लोणच्याची बरणी, आमच्या चष्म्याचें दुसरें घर; तीन दिवसांत या वस्तु खोलीभर कशा पसरल्या होत्या कोण जाणे. ‘पांच दिवसांसाठीं दोनदां भरायची आणि दोनदां उपसायची, हें कोणाच्या डोक्यांतून निघालें?’ एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हीं चिरंजीवांचें नांव सांगितलें नाहीं.

रिक्षा नव्या इमारतींमधून चालली. पंधरा, वीस मजले. खालीं दुकानें, वर वाळत घातलेले कपडे, आणि गॅलरींतून एखादी तुळस डोकावत असलेली. रिक्षावाला बोलका होता. तितक्यांत सौभाग्यवतींनीं त्याला विचारलें, ‘पावसाळ्यांत पाणी कोठपर्यंत येतें?’ तो म्हणाला, ‘नदीकडच्या भागांत येतें, आजी. एकोणीस सालीं तर गाडीच अडकली होती.’ ही गोष्ट वाचकांसही आठवत असेल. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरांत उभी राहिली, आणि हजारांहून अधिक उतारूंना होड्यांनीं बाहेर काढावें लागलें. सौभाग्यवतींनीं मान हलवली, आणि पुढें, ‘स्थानकाच्या कोणत्या बाजूला येत नाहीं?’ असा दुसरा प्रश्न केला. आम्हीं रस्त्याकडे पाहण्याचें सोंग केलें.

सकाळची मुंबईकडे जाणारी गर्दी ओसरली होती, त्यामुळें खिडकी मिळाली. याच मार्गानें १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत जाऊं लागली. त्या काळीं या पट्ट्यांत भातशेती आणि रान याखेरीज काय असणार! आतां दोन्ही अंगांस इमारतींची भिंत आहे. या वयांत जागा बदलणें माणसाला जड जातें, झाडाचें मूळ उपटावें तसें होतें, असें कांहींसें आम्ही बोलून गेलों. त्यावर सौभाग्यवती खिडकीबाहेरच पाहत म्हणाल्या, ‘विसाव्या वर्षीं एक ट्रंक घेऊन तुमच्या घरीं आलें, तेव्हां मुळांचें कोणी विचारलें नाहीं मला.’ अंबरनाथ आलें म्हणून बरें झालें.

अतिथिगृहाच्या व्यवस्थापकानें पेटी ठेवून घेतली, पण खोली झाडून व्हावयाची होती. तेव्हां आम्ही परत स्थानकावर येऊन पुढच्या उल्हासनगरास गेलों. तेथें कापड स्वस्त मिळतें असें सौभाग्यवतींनीं ऐकलें होतें. उल्हासनगराची थट्टा आम्हीं बाळपणापासून ऐकलेली. तेथील मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ लिहिलेलें असतें, आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा. थट्टा करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तें गांव पाहिलें होतें, हा प्रश्नच आहे. आम्हीं तरी पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी उभारली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतांतून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिच्या ओसाड बराकींत ठेवण्यांत आलें. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितींत या वसाहतीस, जवळून वाहणाऱ्या नदीवरून, उल्हासनगर हें नांव मिळालें. आजही गांवाचे पांच भाग ‘कॅंप’ म्हणून क्रमांकानें ओळखले जातात, आणि पत्त्यांत बराकीचा क्रमांक लिहिण्याची चाल अजून आहे. बराक जाऊन त्या जागीं चार मजली घर उठलें, तरी क्रमांक तोच.

एका लहानशा दुकानांत सौभाग्यवतींनीं पडद्यांचें कापड काढावयास सांगितलें. आम्हांस आश्चर्य वाटलें, कारण वाईस आमच्या खिडक्यांना पडदे नाहींत; त्या मागील चौकावर उघडतात आणि तेथें पारिजातकाखेरीज आंत डोकावणारें कोणी नाहीं. दुकानांत मालकाचे वडील गादीला टेकून बसले होते. वय ऐंशीच्या पुढें. हातांतलें वर्तमानपत्र उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या सिंधी लिपींतलें. आम्ही बाहेरगांवचे आहों असें कळतांच त्यांनीं आंतून पाणी आणि भाजलेला पापड आणविला. पाहुण्यास प्रथम पापड-पाणी, ही त्यांची रीत. आपल्याकडे गूळ-पाणी देत, तसेंच तें.

त्यांचें मराठी स्वच्छ होतें, फक्त ‘ळ’ त्यांना साधत नसे. सातव्या वर्षीं ते कराचीहून बोटीनें मुंबईस आले. बराकींत एका लांबलचक दालनांत अनेक कुटुंबें. मध्यें भिंत म्हणून गोणपाटाचे पडदे. शेजारचें मूल खोकलें तर आपली आई उठून बसे, असें ते म्हणाले. आई पापड लाटी, आणि थोरला भाऊ ते लोकलगाडींत विकी. हें सर्व त्यांनीं पावतीवरची रक्कम वाचावी तसें, एका सुरांत सांगितलें. मग सौभाग्यवतींनीं विचारलें, ‘येतांना बरोबर काय आणलें होतें?’ हा प्रश्न आम्हांला सुचला नसता.

म्हातारबावा हंसले. एक लोखंडी पेटी आणली होती. पण त्यांच्या मातोश्रींनीं ती कित्येक वर्षें उघडलीच नाहीं. परत जातांना पुन्हां कोण भरील, असें त्या म्हणत. पेटी खाटेखालीं, तिच्यावर घडी केलेलें कांबळें, आणि घरांत वापरावयास मागून आणलेलीं भांडीं. वडील रागावले, मुलें हंसलीं, पेटी तशीच. शेवटीं थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळीं ती उघडली, तेव्हां आंतल्या रेशमी वस्त्रांची कसरीनें चाळण केली होती. घडी उलगडावी आणि हातांत तुकडे यावेत. आई रडली का, असें आम्हीं विचारलें. ‘नाहीं,’ ते म्हणाले. ‘त्याच पेटींत दुसऱ्या दिवसापासून पीठ ठेवूं लागली.’

सौभाग्यवतींनीं पडद्याचें कापड घेतलें नाहीं. भाव मात्र दोनदां विचारून घेतला. बाजूच्या दुकानांत आम्ही दाल-पकवान खाल्लें. कुरकुरीत तळलेली मैद्याची पोळी आणि तिच्यावर हरभऱ्याची डाळ; आमच्या दातांना तें एक आव्हानच होतें. जेवणभर त्या फारशा बोलल्या नाहींत. आमच्या पानांतली अर्धी पोळी त्यांनीं न विचारतां उचलली, यावरून त्या रागावलेल्या नसाव्यात असा आम्हीं तर्क केला.

अंबरनाथास परतून, ऊन उतरल्यावर देवळांत गेलों. उत्तरेकडील दाराच्या तुळईवरील लेखांत या देवालयाचा शक दिला आहे. डॉ. भाऊ दाजींनीं तो ७८२ असा वाचला, पंडित भगवानलाल इंद्रजींनीं ९८२ असा. आणि हाच दुसरा पाठ पुढें मान्य झाला. म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मामवाणी याचा काळ. एका अंकाच्या वळणांत दोनशें वर्षें! हस्ताक्षर सुधारा असें मुलांना सांगतांना हें उदाहरण आमच्या हाताशीं असतें तर किती उपयोग झाला असता. भिंतींवर काळ्या दगडांत मूर्तींची एवढी दाटी आहे कीं डोळा कोठें ठेवावा हें कळत नाहीं. शेजारून वालधुनी वाहते. वाहते हा शब्द आम्हीं तिच्या पूर्वपुण्याईस्तव वापरला. कारखान्यांच्या सांडपाण्यानें तिचें जें झालें आहे तें नाकाला आधीं कळतें, आणि नऊशें वर्षांच्या शिल्पापुढें नाकाला पदर लावून उभें राहावें लागतें, ही लाज आमच्या पिढीची आहे.

सभामंडपांतून गाभाऱ्यांत उतरावयास वीसेक पायऱ्या आहेत. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. आम्हीं हात पुढें केला, त्यांनीं तो घेतला. खालीं पिंडीपाशीं उभें राहून वर पाहिलें तर शिखर नाहीं, उघडें आकाश. ऊन, पाऊस, चांदणें सारें थेट आंत येतें. त्या पुष्कळ वेळ वरच पाहत राहिल्या. ‘छप्पर नाहीं तरी राहिला आहे कीं येथेंच,’ असें पुटपुटल्या; हें देवास उद्देशून होतें कीं आम्हांस, तें विचारण्याचें धैर्य झालें नाहीं.

रात्रीं खोलींत आल्यावर आम्ही पंचांग शोधूं लागलों, तों पेटी रिकामी! लुगडीं कपाटांत टांगलेलीं, औषधें आरशाखालीं ओळीनें, लोणच्याची बरणी खिडकींत, आमच्या चष्म्याचें घर उशाशीं. ‘अग, दोनच रात्री तर राहायचें आहे,’ आम्ही म्हणालों.

‘असूं दे,’ त्या म्हणाल्या. मग दिवा मालवतां मालवतां विचारलें, ‘त्या सदनिकेला खिडक्या किती, म्हणाला होता तो?’

आम्हांला ठाऊक नव्हतें. सकाळीं चिरंजीवांना दूरध्वनी केला. चार आहेत.