अंदमानांत एक रहस्यकथा

प्रवासास निघतांना, जेथें जावयाचें त्या स्थळाशीं संबंध असलेलें एखादें पुस्तक बरोबर घ्यावें, असा वाचनप्रिय मंडळींचा परिपाठ असतो. अंदमान म्हटलें कीं मराठी वाचकास प्रथम 'माझी जन्मठेप' आठवते, आणि तें योग्यच आहे. तें पुस्तक पूर्वीं अनेकदां वाचून झालेलें असल्यामुळें गेल्या माघांत तिकडे निघतांना मीं आर्थर कॉनन डॉइल यांची 'द साइन ऑफ फोर' ही रहस्यकथा पिशवींत घातली. १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या या कथेंतील खुनाचें मूळ आग्र्याच्या किल्ल्यांत आणि अंदमानच्या बंदिवसाहतींत आहे. शेरलॉक होम्सची तर्कशक्ति जगद्विख्यात. तेव्हां स्थळ आणि कथा यांचा उत्तम मेळ जमेल, अशी अपेक्षा होती.

चेन्नईहून विमानानें दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर येतें. २०२४ पासून या शहराचें नांव श्री विजयपुरम् असें झालें आहे. आपली प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची आणि हें बंदर त्याच्याहि पूर्वेस सुमारें दहा अंश. त्यामुळें येथें सूर्याचा सर्व व्यवहार घड्याळापेक्षां चाळीस मिनिटें अगोदर चालतो. साडेपांचास सूर्यास्त! संध्यावंदनाची वेळ साधावयाची तर दुपारचा चहा घाईनें उरकावा लागतो, अशी आमच्या कुटुंबाची तक्रार होती. समोर रॉस बेट दिसे. २०१८ पासून त्यास नेताजींचें नांव आहे. एके काळीं इंग्रज अधिकाऱ्यांची राजधानी असलेल्या या बेटावर आतां छप्पर उडालेलें प्रार्थनामंदिर आणि बंगल्यांच्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. त्यांना वटवर्गीय वृक्षांच्या मुळ्यांनीं असा वेढा घातला आहे कीं, भिंतीनें झाड धरलें आहे कीं झाडानें भिंत, हें सांगतां येऊं नये. भोंवतीं हरणें निर्भयपणें चरत असतात. अशा ठिकाणीं पुस्तक उघडून बसणें हें मोठेंच सुख आहे.

परंतु पुस्तकानें निराशा केली. लंडनचें धुकें, टेम्स नदीवरील पाठलाग, हे भाग सरस आहेत, यांत शंका नाहीं. मात्र कथा हिंदुस्थानाकडे वळली कीं तोल सुटतो. आग्र्याच्या किल्ल्यांतील पहारेकरी शीख आहेत म्हणून सांगितलें आहे, आणि त्यांचीं नांवें काय, तर महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान! आमच्या शाळेंतील चौथीचा मुलगाहि ही चूक दाखवूं शकला असता. हेंहि एक वेळ हंसून सोडून देतां येईल. हंसण्यावारी नेतां न येणारी गोष्ट निराळीच आहे.

कथेंतील खून करणारा टोंगा हा अंदमानचा आदिवासी. त्याचा माग काढतांना होम्स कपाटांतून एक भूगोलकोश काढतो आणि त्यांतील उतारा वाचून दाखवितो. हे लोक सरासरी चार फुटांहूनहि ठेंगणे, कुरूप, क्रूर आणि नरभक्षक असल्याचें त्यांत म्हटलें आहे. तो कोश कथाकारानेंच रचलेला. पण सत्य काय होतें? ई. एच. मॅन नांवाच्या अधिकाऱ्यानें अंदमानांत अनेक वर्षें राहून या लोकांचें सविस्तर वर्णन १८८० नंतरच्या दशकांतच प्रसिद्ध केलें होतें. त्यांत पुरुषांची सरासरी उंची चार फूट दहा इंचांच्या वर दिली असून नरभक्षणाचा आरोप स्पष्टपणें अमान्य केला आहे. टोंगा फुंकनळीनें विषारी कांटे मारतो. परंतु फुंकनळी हें अंदमानी आयुधच नव्हे. येथील संग्रहालयांत धनुष्यें, बाण, होड्या, टोपल्या मांडलेल्या आहेत. फुंकनळी मला कोठेंहि दिसली नाहीं.

आपल्या न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. शब्द हें प्रमाण खरें, पण तो आप्ताचा असला तर. आणि आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा. होम्स अनुमानांत निष्णात आहे. धूर पाहून अग्नि ओळखावा, तसा तो बुटाच्या मातीवरून मनुष्य ओळखतो. पण छापील शब्द समोर येतांच हा परीक्षक एकही प्रश्न विचारीत नाहीं! ज्याचा सगळा लौकिक पुराव्यावर, त्यानें एका समग्र जातीवरील आरोप पुराव्यावांचून मान्य करावा, हा कथेंतील खरा हेत्वाभास होय.

याच कथेंत गुन्हेगार स्मॉलची झोपडी होपटाउन येथें, माउंट हॅरिएटच्या उतारावर दाखविली आहे. जुन्या तांबड्या वीस रुपयांच्या नोटेवरील देखावा याच डोंगरावरून दिसतो. होपटाउनच्या धक्क्यावर ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा शेर अली आफ्रिदी या बंदिवानानें सुऱ्यानें खून केला. मेयोसाहेब डोंगरावरून सूर्यास्त पाहून नुकतेच उतरले होते. मारेकरी जागच्या जागीं पकडला गेला आणि महिन्याभरानें व्हायपर बेटावर फांशीं गेला. त्या खऱ्या खुनांत रहस्य असें कांहींच नव्हतें.

रहस्य म्हणावें असें अंदमानांत दुसरेंच घडलें. १८५८ सालीं बंदिवसाहत स्थापन झाली. पुढें 'सुधारणेसाठीं' आदिवासींना निवारागृहांत आणून ठेवण्यांत आलें. परके रोग त्यांच्यांत शिरले. १८७७ च्या गोवराच्या सांथीनें मोठा संहार केला. १९०१ च्या शिरगणतींत ग्रेट अंदमानी लोक ६२५ भरले आणि १९६१ मध्यें अवघे १९. २६ जानेवारी २०१० रोजीं बोआ सिनियर या वृद्धेचें निधन झालें आणि तिच्याबरोबर 'बो' ही भाषा बोलणारें शेवटचें माणूस गेलें. तिचे शब्द भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनीं नोंदवून ठेवले, हें आपलें भाग्य. अखेरच्या वर्षांत मायबोलींत बोलावयास तिला कोणी उरलें नव्हतें.

कथेंतील टोंगालाहि लेखकानें स्वतःच्या तोंडचें एक वाक्य दिलेलें नाहीं. ज्यानें आजारांत शुश्रूषा केली त्याच्या मागें तो समुद्रापार येतो, गोळी लागून टेम्स नदींत पडतो, आणि कथा लग्न ठरवून संपते. कोणाचा बळी गेला आणि कोणाला राक्षस ठरविलें, याचा हिशेब शतकानंतर उलटा निघाला. रहस्यकथा मुलांच्या हातीं अवश्य द्याव्यात. बुद्धीला धार येते. मात्र त्यांना एवढें सांगावें कीं, गुप्त पोलिसानें कपाटांतून पुस्तक काढलें, तर तें पुस्तक कोणी आणि काय पाहून लिहिलें, हें अगोदर विचारावें.