सूर्यवंशी

उशिरा उठणाऱ्या माणसाला आपल्याकडे 'सूर्यवंशी' म्हणतात. काय शब्द आहे! टोमणा मारायचा, पण थेट राजघराण्यात नेऊन बसवायचं. आमच्या सांगलीच्या घरात हा मान मला आठवीपासून होता आणि माझ्याआधी तो बाबांकडे होता. बाबा हळदीच्या अडतीवर हिशेब लिहायचे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून रोजमेळ बिनचूक जुळवायचे, पण सकाळी दहाला दुकानात पोचायचं म्हणजे घरात रोज एक लढाई. चष्मा कपाळावर, किल्ली कुलपालाच आणि आई दारात डबा घेऊन उभी.

लग्न होऊन साताऱ्याला आले, तर इथे सगळे पाचला उठणारे. सासूबाई तर गजराच्या आधी उठतात, मग गजर लावतात तरी कशाला हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, उपाय मात्र भरपूर केले. जायफळ उगाळून दुधातून. खसखशीची खीर. तळपायाला खोबरेल. आणि काशाची वाटी! तळव्याला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं, तळवा काळा होईपर्यंत. मला ते फार आवडतं. झोप येत नाही त्यानं, पण बरं वाटतं. (या वाटीकडे परत येते.)

चार वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेतून सांगितलं गेलं, त्याला एकदा दाखवून घ्या. त्याला दाखवायला गेले. डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होते आणि मी मनातल्या मनात माझीच उत्तरं देत होते. दोन महिन्यांनी माझीही फाईल झाली. वय ४१. निदान : एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत याला वेगवेगळे शब्द फार पूर्वीपासून आहेत. धांदरट, वेंधळी, विसरभोळी, एका जागी बूड न टेकणारी. फक्त ही सगळी माणसं एकाच गावची आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हे मोठेपणी उगवत नाही, लहानपणापासूनच असतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेप्रमाणे काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. आणि घराण्यातून येण्याचं प्रमाण उंचीच्या जवळपास जाईल इतकं मोठं. बाबा आज असते तर त्यांना सांगितलं असतं. ते म्हणाले असते, "बरं, मग आता चहा टाक."

आता झोप. रात्री नऊपर्यंत मी अर्धमेली असते. साडेदहाला घर झोपतं आणि माझ्या डोक्यात कुणीतरी दिवे लावतं. दिवसभर जे पान वाचता येत नव्हतं ते सरसर वाचून होतं. कपाटातला कप्पा आवरावासा वाटतो. एकदा मी रात्री एक वाजता आयर्विन पूल कधी बांधला ते शोधायला बसले (१९२९), आणि तिथून लॉर्ड आयर्विन, तिथून गोलमेज परिषद असं करत करत तीन वाजवले. दुसऱ्या दिवशी मला फक्त शाळेचा डबा करायचा होता. गोलमेज परिषदेचा त्यात काडीचा उपयोग नव्हता.

याला लोक हौस म्हणतात. थोडी हौस आहेच. दिवसभर डोकं दुसऱ्यांच्या मालकीचं असतं, ते रात्री आपल्याला परत मिळतं, मग सोडवत नाही. पण अंथरुणावर पडूनही तेच. डोळे मिटले की विचारांची अक्षरशः मंडई भरते. गंमत म्हणजे त्या निदानपुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत झोपेत फार हालचाल करणं हे एक लक्षण म्हणून दिलेलं होतं. १९८७ च्या आवृत्तीत ते काढून टाकलं. म्हणजे झोप आधी यादीत होती आणि मग बाहेर गेली. त्यामुळे असेल, पण मला पहिल्या दोन भेटींत झोपेबद्दल कुणी विचारलंच नाही, मीच तिसऱ्या भेटीत विचारलं.

तेव्हा जे कळलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. अंधार पडू लागला की मेंदू मेलॅटोनिन सोडायला लागतो. 'रात्र झाली' अशी ती शरीरभर दिलेली दवंडी. नेदरलँड्समध्ये एडीएचडी असलेल्या प्रौढांवर या बाबतीत बरंच काम झालंय. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची ही दवंडी सरासरी दीडेक तास उशिरा पिटली जाते. म्हणजे झोपेचं यंत्र मोडलेलं नाही, घड्याळ मागे आहे. अशा माणसाला दहाला झोप म्हणणं म्हणजे इतरांना साडेआठला झोप म्हणण्यासारखं. आणि सकाळी सहाला उठवणं म्हणजे साडेचारला उठवणं. सगळ्यांचं असंच असतं असं नाही. कुणाचे पाय रात्री वळवळतात (यात लोह कमी असण्याचा संबंध असू शकतो, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या आहेत, तेव्हा आधी रक्त तपासा), कुणी घोरता घोरता श्वास अडकून जागं होतं. हे दोन्ही एडीएचडीवाल्यांमध्ये जास्त आढळतं आणि दोन्हीची औषधं वेगळी. म्हणून शेजारणीची झोपेची गोळी अर्धी मोडून घेणं हा उपाय नाही.

आता हे सगळं मी आज का लिहितेय ते सांगते. मामांकडचे निम्मे लोक हे वाचतात हे मला माहीत आहे, तेव्हा त्यांनी इथून पुढे जरा नीट वाचा.

वाळवा तालुक्यात माझा मामेभाऊ ऊस आणि हळद करतो. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं यायची, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला सगळं गाव वैतागलेलं असायचं. थंडीत, गमबूट घालून, बॅटरी घेऊन उसात शिरायचं, सापाची भीती, अलीकडे बिबट्याची. दादा मात्र खूश! रात्रभर दारं धरायचा. एक सरी भरली की पुढची मोडायची, पाण्याच्या आवाजावर त्याला कळायचं कुठं फुटलंय. शेजारच्यांचीही पाळी हा आनंदानं घ्यायचा. पहाटे येऊन झोपायचा तो दहापर्यंत, आणि त्याला कुणी सूर्यवंशी म्हणायचं नाही, कारण रात्रभर पाण्यावर होता. दिवसाच्या पाळीच्या आठवड्यात तोच माणूस चिडका, जनावराची वैरण विसरणारा, सोसायटीचे कागद हरवणारा.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. गेल्या वर्षी त्यांच्या फीडरला दिवसाची लाईट मिळायला लागली. फार चांगली गोष्ट आहे, रात्रीच्या पाण्यानं किती माणसं गेली असतील. गावानं पेढे वाटले. आणि दादाची झोप उघडी पडली. आता रात्री कारण उरलं नाही, पण तो जागाच. दोन-तीन वाजेपर्यंत अंगणात येरझाऱ्या, नाहीतर मोबाईल. सकाळी सातला मोटर चालू करायची ती नऊला. मामा म्हणाले, प्यायला लागला. आत्या म्हणाली, बाहेरचं काहीतरी आहे. (दोन्ही अर्थांनी.) मागच्या महिन्यात सकाळी कारखान्यावर जाताना त्याला मोटरसायकलवर पेंग आली आणि गाडी चरीत गेली. कोपर खरचटण्यावर निभावलं. वहिनीनं मला फोन केला. "वन्सं, ते पीत नाहीत ओ. मी वास घेऊन बघितलाय. त्यांना झोपच नाही."

दादाला एडीएचडी आहे असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर सांगतील, नसेलही. पण पेंग येऊन रस्त्यावर पडणाऱ्या माणसाला दारुडा ठरवून प्रश्न सुटत नाही, एवढं मला नक्की कळतं. सातारा ते सांगली मी स्वतः गाडी चालवत जात नाही. सरळ हायवेवर, पेठ नाक्याच्या अलीकडे, माझे डोळे मिटायला लागतात. एसटी उत्तम.

मी काय करते, ते दादानं विचारलं म्हणून. माझा सगळा भर आता रात्रीवरून सकाळवर आलाय. झोप कधी यावी हे आपल्या हातात नाही, उठायचं कधी हे थोडंफार आहे. रोज साडेसहा, रविवारी पण. (रविवारी रडत.) उठल्यावर चहाचा कप घेऊन थेट गच्चीवर, अर्धा तास. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते मागे पडलेलं घड्याळ पुढे सरकतं. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, त्यामुळे हा काही माझ्या मनाचा खेळ नाही. जानेवारीत साताऱ्यात सात वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही, तेव्हा मी अंधारात शाल पांघरून बसते आणि ते दिवस खरंच वाईट जातात. पावसाळाही वाईट. पण ढगाळ आकाशही खोलीतल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त उजेड देतं, म्हणून छत्री घेऊन बसते. शेजारच्या काकूंना वाटतं माझं काहीतरी व्रत चालू आहे. मीही नाही म्हणत नाही.

दुसरं म्हणजे, मी गजर संध्याकाळी लावते. साडेनऊचा. आमच्यासारख्यांना वेळ सरते हे कळतच नाही, त्यामुळे 'आता पुरे' हे बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. गजर झाला की मोठे दिवे बंद, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. आणि मग ती काशाची वाटी. वाटीत औषध नसेल, पण त्या वीस मिनिटांत हात तुपाचे असतात, फोन धरता येत नाही! सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग मी वीस वर्षं काय सांगत होते?"

अंथरुणात तळमळत पडून राहायचं नाही. बूटझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्येच हे मांडलं होतं : झोप येईना की उठायचं, दुसरीकडे बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. अंथरूण म्हणजे जागरणाची जागा असं मनानं धरता कामा नये. मी उठून जुनी पाठ झालेली पुस्तकं वाचते. नवं पुस्तक घेतलं तर संपलंच.

गोळ्यांचं विचारलं होतं काही जणींनी. मला मेथिलफेनिडेट चालू आहे. साधी गोळी साधारण चार तास टिकते, ती दुपारी उशिरा घेतली तर रात्रीची वाट लागते. काहींना उलट तिच्यामुळेच डोकं शांत होऊन झोप लागते, माणसागणिक फरक. हे डॉक्टरांशी बोलून, वेळ पुढे-मागे करूनच ठरतं. मेलॅटोनिनचंही तसंच. दुकानात तीन आणि पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात आणि लोक झोपताना घेतात. डच संशोधकांनी अर्धाच मिलिग्रॅम, तोही झोपेच्या काही तास आधी देऊन बघितला. २०२० च्या आसपास आलेल्या त्या निष्कर्षांत घड्याळ जवळजवळ दीड तास पुढे सरकलं, आणि गोळी थांबवल्यावर काही दिवसांत परत मागे गेलं. म्हणजे ती झोपेची गोळी नाही, घड्याळाला चावी आहे. आणि चावी रोज द्यावी लागते. उजेडाचंही तेच. गणपतीत दहा दिवस जागरणं झाली की माझे तीन आठवडे जातात जागेवर यायला.

पूर्ण बरी झाले का? नाही. आठवड्यात दोन रात्री अजून वाया जातात. पण पूर्वी पाच जायच्या. मुलावर सकाळी ओरडणं बरंच कमी झालंय, असं तोच म्हणतो.

तर दादा. आधी म्हणाला, "येड्यात काढतीस काय गं मला?" मी म्हटलं, मी चार वर्षं त्याच येड्यात आहे, बरी गर्दी आहे तिथं. मग हसला. हलायला तयार नसलेल्यांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास, म्हणजे रात्री तीनलाही. वहिनीनं त्यावरच पहिल्यांदा विचारलं. त्यांनी सांगितलं, एकदा समोर दाखवा. सांगलीला सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत जायचं ठरलंय.

काल फोनवर त्यानं विचारलं, किती वाजता जायचं?

"केसपेपर सकाळी काढावा लागतो. नऊला तिथं पाहिजे."

"नऊला? झोप न येणाऱ्यांचा डॉक्टर सकाळी नऊला बसतो?" बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "आदल्या रात्री झोपतच नाही मग."

मी म्हटलं, तसलं काही करू नकोस, मी आदल्या दिवशी एसटीनं येते आणि सकाळी तुला उठवायचं काम माझं. पलीकडून वहिनीचा आवाज आला.

"ते बरोबर हाय वन्सं, पण तुमाला कोण उठवणार?"