पाथरीत दोन रात्री, दोन न्याहाऱ्या

वीकेंडला कुठे जायचं, या प्रश्नाची आमच्या ऑफिसात ठरलेली उत्तरं आहेत. लोणावळा (ट्रॅफिक), महाबळेश्वर (ट्रॅफिक आणि स्ट्रॉबेरी), अलिबाग, आणि सुट्ट्या जोडून आल्याच तर तारकर्ली. त्यामुळे जानेवारीतल्या एका गुरुवारी कँटीनमध्ये मी "पाथरी" म्हटलं तेव्हा एकानं विचारलं, "पाथर्डी का?" दुसरी म्हणाली, "ते कुठं आलं?" परभणी जिल्हा, म्हटल्यावर ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हा ठेवणीतला डायलॉग झाला आणि सगळे पुन्हा आपापल्या डब्याकडे वळले.

खरी गोष्ट अशी, की पाथरीला जायची आयडिया आमच्या टीममधल्या एका मित्राची. घर त्याचं. जुना माळवदी वाडा, त्यात त्याचे आई-बाबा दोघंच. वाड्याचं छप्पर दुरुस्तीला आलेलं, आणि ‘विकून टाका, पुण्याला या’ हा विषय दर दिवाळीला निघतो. विकायचा नसेल तर वाड्यानं स्वतःचा खर्च तरी काढला पाहिजे, म्हणून यानं ‘निवास आणि न्याहारी’चं खूळ डोक्यात घेतलं. आम्ही दोघी मैत्रिणी पहिल्या पाहुण्या. निघताना त्यानं बजावलं, "मित्र म्हणून जाऊ नका, गिऱ्हाईक म्हणून जा. पैसे देऊनच या. आईला सवय लागली पाहिजे."

सोपं वाटलं होतं हो!

पुण्याहून नगर (आताचं अहिल्यानगर), पाथर्डी, गढी, माजलगाव असा रस्ता. कल्याण–निर्मल महामार्ग तो. पूर्वी त्याचा नंबर २२२ होता, आता ६१ आहे. थांबत थांबत गेलात तर सात-आठ तास धरा, आणि साखर कारखान्यांच्या सीझनमध्ये उसाच्या डबल ट्रॉलीमागे अडकण्याचा वेळ वेगळा. माजलगाव सोडलं की ढालेगावला गोदावरी लागते. बंधाऱ्यामुळे अडलेलं रुंद, शांत पाणी. पलीकडे परभणी जिल्हा. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य खाली आला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, एवढंच टीव्हीवर बघितलेल्या माझ्या मैत्रिणीनं कॅमेरा काढला तो आत ठेवेचना.

वाड्यात शिरलं की आधी ढाळज. दाराला लागून दोन्ही बाजूंचे ओटे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकायची, गप्पा मारायची जागा. मग चौक, ओसरी, आणि आतल्या खोल्या. भिंती एवढ्या जाड, की त्यांच्यात धान्य साठवायचं बळद आहे. वर लाकडी सऱ्या आणि त्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात एसी नको, थंडीत हीटर नको. पण हे माळवद दर पावसाळ्याआधी बघावं लागतं, पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. ते काम येणारी माणसं कमी झालीत, असं काका म्हणाले. एका खोलीच्या कोपऱ्यात गळतीचा डाग होता. तिथं काकूंनी मुद्दाम कॅलेंडर लावलं होतं.

आता खरं सांगायचं तर सगळंच काही झकास नाही. संडास चौकाच्या पलीकडे. रात्री दोनला मोबाइलचा टॉर्च लावून, कुडकुडत, अंगणातल्या मांजराला घाबरत जायचं. अंघोळीचं पाणी बंबावर. रोमँटिक वाटतं, पण आपल्याआधी तिघांची अंघोळ झाली असेल तर वाट बघावी लागते. गाद्या मात्र उन्हात टाकून फुगवलेल्या. त्यावर जी झोप लागली, ती कुठल्याही रिसॉर्टच्या मॅट्रेसवर मला लागलेली नाही.

आणि सकाळी न्याहारी!

पहिल्या दिवशी सुशीला. नाव ऐकून आम्हाला वाटलं कुणी मावशी येणार आहेत. पण हा मराठवाड्याचा नाश्ता. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी, वर डाळ्याचं कूट आणि कोथिंबीर. पोह्यांपेक्षा हलका, म्हणून फसायला होतं. तीन प्लेट कधी गेल्या कळलं नाही. दुसऱ्या दिवशी धपाटे, सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. "लाजायलात काय, घ्या की अजून एक," हे वाक्य काकूंनी किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. आम्ही लाजत नव्हतो. आम्ही दम खात होतो.

जेवायला मात्र बाहेर जायचं असं आम्ही ठरवलं होतं. काकूंना ते आवडलं नाही, पण ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणजे दुपार-रात्र बाहेर, हे मित्रानं फोनवर समजावलं. आणि बरंच झालं. पाथरी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, आणि ते ताटात अजून दिसतं. बाजारातल्या एका छोट्या मुस्लिम हॉटेलात दुपारी तहारी खाल्ली. पिवळा, मसाल्याचा भात, आत मऊ शिजलेलं मटण, बाजूला आंबट चटणी. चार टेबलं, मेन्यूकार्ड नाही, दुपारी उशिरा गेलात तर पातेलं रिकामं. रात्री हायवेवरच्या ढाब्यावर काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी, हातावर थापलेली, पापुद्रा सुटलेली. बिल बघून मैत्रिणीनं वेटरला परत बोलावलं. तिला वाटलं काहीतरी लावायचं राहिलं. पुण्यात तेवढ्यात दोन कॉफ्या आल्या नसत्या.

गावाकडे म्हणाल तर बघण्यासारखं आहे, पण पाट्या शोधत बसू नका. वि. बा. खेर यांनी १९७०च्या दशकात इथं येऊन साईबाबांच्या मूळ गावाचा शोध घेतला आणि पाथरीतल्या भुसारी घराण्याकडे बोट दाखवलं. त्या घराच्या जागेवर उभं राहिलेलं जन्मस्थान मंदिर १९९९ मध्ये खुलं झालं. पुढचं तुम्हाला आठवत असेल. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची गोष्ट काढली, जन्मस्थानाच्या उल्लेखावर शिर्डीकर चिडले आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद झाली. वादात मी पडणार नाही. पण पाथरीवरून दोघांनी भांडायची ही पहिली वेळ नाही. निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज इथलेच, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो, आणि सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही या गावासाठी लढल्या होत्या. काका हे सगळं ढाळजेत बसून सांगतात, सुपारी कातरत. वर म्हणतात, "लोक दर्शन घेतेत अन् तासाभरात निघतेत. ऱ्हात कुणीच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण शनिवारी सकाळी काकांनी आम्हाला शेतात नेलं होतं. आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, आणि गरम कणीस हातावर चोळून काढलेला हिरवा, गोडसर हुरडा. सोबत गूळ आणि तिळाची चटणी. ज्वारी इथली ओळखच. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून काम करतंय आणि ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीची वाणं तिथलीच. पुण्याच्या आसपास हुरडा पार्टीला माणशी किती घेतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यात डीजे आणि उंटाची सफर धरलेली असते. इथं फक्त हुरडा, चिमण्यांचा आवाज आणि काका. याचे पैसे कुणी मागत नाही, आणि तोच सगळा घोळ आहे.

रविवारी निघताना मी पाकीट काढलं. काकू एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "लेकराच्या मैत्रिणींकडून पैसे घ्यायचे व्हय? गाव काय म्हणेल?" मी म्हटलं, तुम्ही नाही घेतलेत तर आम्ही पुन्हा कोणत्या तोंडानं यायचं? पाहुणा एकदा येतो, फार तर दोनदा. पैसे देणारा दर हिवाळ्यात येऊ शकतो, चार मित्रांना घेऊन. कोकणात मालवण-तारकर्लीला घरोघरी ‘निवास न्याहारी’च्या पाट्या आहेत, पर्यटन खात्याची तशी योजनाच आहे, आणि तिथल्या काकू काही कमी प्रेमानं वाढत नाहीत. हे सगळं मी बोलले. बऱ्यापैकी भाषण झालं.

काकू ऐकून आत निघून गेल्या.

शेवटी मी तिथंच उभ्या उभ्या मित्राला फोन केला आणि त्याच्या नंबरवर यूपीआय केलं. दोन रात्री, दोघी, आम्ही आपसात ठरवलेला रेट. काकांना मोबाइल दाखवला, ते कसंनुसं हसले. पण तेवढ्यात काकू बाहेर आल्या त्या पिशवी घेऊन. येसराची पुडी, शेंगदाण्याची चटणी, पाच किलो ज्वारी, आणि डब्यात वाटेसाठी धपाटे. हिशेब केला तर आम्ही दिलेल्या रकमेतला निम्मा तरी त्या पिशवीतून पुण्याला परत आला. मित्राला सांगितलं, तुझा बिझनेस पहिल्याच वीकेंडला तोट्यात.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा, तेव्हाच हुरडा. रेल्वेनं मनमाड–सिकंदराबाद मार्गावरच्या मानवत रोडला किंवा परभणीला उतरा, पुढं एसटी आहे. परभणीहून पाथरी साधारण ४५ किलोमीटर. स्वेटर न्या. टॉर्चही.

परवा मित्र सांगत होता, आईचा फोन आला होता. चौकाच्या अलीकडे संडास बांधायला किती खर्च येईल, आणि गिझर पंधरा लिटरचा घ्यावा का पंचवीसचा, असं विचारत होती.