बांधावरची बाभूळ

मरहूम अब्बांची जमीन अहमदपूर तालुक्यात. आम्ही दोघे भाऊ; एक नांदेडला, एक लातूरला. अम्मी अब्बांच्या आधीच गेल्या. शेत बटईने दिलेले. गेल्या उन्हाळ्यात लाकडाचा व्यापारी येऊन बांधावरच्या तीन बाभळींचा भाव सांगून गेला. आम्ही फोनवरच ठरवले: झाडे द्यायची, पैसे निम्मे-निम्मे.

या रामकाठी बाभळी. रामकाठी सरळसोट वाढते, फांद्या झाडूसारख्या वर जातात. पिकावर सावली फार धरत नाही, म्हणून आपल्याकडे बांधावर तिला जागा मिळाली.

व्यवहाराआधी जुने घर आवरायला आम्ही गावी गेलो. उदगीरहून आपालाही बोलावले. गोठ्यात अब्बांची अवजारे तशीच पडली होती. भंगारवाल्याला द्यावीत म्हणून बाहेर काढू लागलो, तर आपा एकेक वस्तू हातात घेऊन सांगू लागली. तिफणीची दिंड बाभळीची. कुळवाची बाभळीची. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे बाभळीचे. दावणीचे खुंट, अम्मींचे मुसळ, कुऱ्हाडीचा दांडा, सगळे बाभळीचे.

श्रीमंताच्या दारे-खिडक्यांना किनवटच्या जंगलातला साग आणि शेतकऱ्याच्या घामाला बाभूळ, अशी जुनी वाटणी. साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो. बाभूळ 800 च्या आसपास. दगडा-ढेकळांतून आदळत जाणाऱ्या चाकाला असे जड, चिवट लाकूडच लागते. तेलाच्या घाण्यालाही तेच लागे. मात्र तोडल्या तोडल्या कामाला घेतले तर ते तडकते, बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड लागते. अब्बा ओंडका काही महिने ओढ्याच्या पाण्यात मुरवत, मग सावलीत वाळवत आणि तेव्हा कुठे सुताराकडे नेत.

आपाचे बोलणे मात्र लाकडावर थांबले नाही. “सकाळचं दातण याच झाडाचं. शेंगा शेळ्यांना. काटे कुंपणाला. साल चामडं कमावणाऱ्यांना. माझ्या पहिल्या बाळंतपणात अम्मींनी लाडू केले, त्यातला डिंकही इथलाच. शेळ्या घेऊन या झाडांखाली मी बसत होते, तुम्ही दोघं शाळेत होता.”

मग तिने शांतपणे विचारले, “मग बाभळीत माझा हिस्सा किती?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. “झाडांचं काय एवढं,” असे आमच्यातला एक बोलूनही गेला. पण प्रश्न झाडांचा नव्हताच. अब्बांना जाऊन चार वर्षे झाली होती. सातबाऱ्यावर आम्हा दोघांचीच नावे लागली होती. आपाने सही दिली होती, कारण आम्ही मागितली होती. ‘बहिणीने आनंदाने माफ केले’ असे आम्ही लोकांना सांगत होतो. तो आनंद आम्ही तिला कधी विचारला नव्हता. नमाज-रोजा सांभाळणाऱ्या घरात कुरआनने ठरवून दिलेला हिस्सा एका सहीत गिळला गेला होता.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे गावात म्हणतात. दांडा आपल्याच घरच्या लाकडाचा होता आणि तो आमच्याच हातात होता.

हिशोब अवघड नव्हता. दोन मुलगे, एक मुलगी: पाच वाटे. दोन, दोन आणि एक. ते करायला आम्हाला चार वर्षे लागली.

दोन बाभळी दिल्या, एक ठेवली. पैसे आले त्याच दिवशी पाच वाटे केले. आपाने “राहू द्या” म्हटले नाही. नोटा दोनदा मोजल्या, रुमालात बांधल्या आणि पिशवीत ठेवल्या. तिने नको म्हटले असते तर आम्हाला हलके वाटले असते. तिने घेतले म्हणून आम्ही खरेच हलके झालो. जमिनीच्या फेरफारासाठी आता तलाठ्याकडे अर्ज केला आहे. खेटे घालावे लागतात, घालतो आहोत.

भंगारात काहीच दिले नाही. मुसळ आपाने नेले. राहिलेल्या बाभळीखालच्या शेंगा गोळा करून आम्ही बांधाच्या उरलेल्या जागेत टोकल्या. पावसाळ्यात त्यातली सात रोपे वर आली. ती मोठी होऊन चाकाच्या कामाची होतील, तेव्हा बैलगाड्या असतील की नाही, अल्लाह जाणे. पण सावली, डिंक आणि शेंगा असतील, आणि त्यांचे वाटे किती, हे आमच्या मुलांना माहीत असेल.