गार्डचा डबा

मुलांच्या आयुष्यातले महत्त्वाचे टप्पे तारीखवार लिहून ठेवावेत, ही कल्पना माझ्या डोक्यात कोणी भरवून दिली हे आता आठवत नाही. पण थोरली झाली त्याच आठवड्यात मी पनवेलच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर जन्मतारीख, वेळ आणि वजन सुवाच्य अक्षरांत लिहिले. सौ. म्हणाली, "धोब्याच्या हिशेबाची वाटतेय." मी तिकडे दुर्लक्ष केले. मराठीच्या प्राध्यापकाला घरात दुर्लक्ष करण्याची आणि वर्गात ते सोसण्याची सवय असते.

त्या वहीत पुढे पुष्कळ भर पडली. पहिला दात, पहिले पाऊल, पहिला शब्द, बालवाडीचा पहिला दिवस, पडलेला पहिला दात. धाकट्या चिरंजीवांच्या वेळी नोंदी विरळ झाल्या. त्यांच्या पहिल्या दातापुढे नुसते 'पावसाळ्यात केव्हातरी' असे आहे. दुसऱ्या अपत्याच्या बाबतीत सर्वच इतिहासकार आळशी होत असावेत.

परवा दिवाळीच्या झाडलोटीत ही वही माळ्यावरून खाली आली. काम टाकून वाचत बसण्याचा माझा हक्क बजावीत मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि जरा वरमलो. 'पहिले पाऊल : सायंकाळी ६ वाजून १० मिनिटे' अशी एक नोंद होती. पण ते पाऊल कोणत्या खोलीत पडले, पोर कोणाच्या हातातून सुटून कोणाच्या हातात गेली, यातले मला काहीसुद्धा आठवेना. घड्याळ तेवढे मी पाहिले होते. उलट ज्या गोष्टीची वहीत एका शब्दाने नोंद नाही, ती मात्र वासासकट आठवते. ती म्हणजे आमची गाडी मोजण्याची करमणूक.

आम्ही जासईचे. तालुका उरण, जिल्हा रायगड. पण मुंबईच्या माणसाला आम्ही 'पनवेलजवळ' असेच सांगतो, म्हणजे त्याचे समाधान होते. एके काळी आमच्याकडे भाताची खाचरे, खाडीकडेला मिठागरे आणि पावसाळ्यात चिंबोऱ्या-निवट्या, एवढा संसार होता. मुलांची करमणूक म्हणजे चिंबोरीच्या बिळात हात घालणे; आणि तो हात कसा बाहेर येतो ते पाहणे ही इतरांची करमणूक. थंडीत शेतावर पोपटी लागे. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भरलेले मडके पालथे घालून जाळ करीत आणि तो विझेपर्यंत सारी आळी भोवती बसे.

माझ्या जन्माची तारीख माझ्या आईला सांगता येत नाही. ती म्हणते, "गोळीबार झाला तवा तू सात महिन्यांचा पोटात व्हतास." जमिनीच्या मोबदल्यासाठी आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी जे आंदोलन केले, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. नेते होते दि. बा. पाटील. ते आमच्या जासईचेच. १९२६ साली इथे जन्मलेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचे तत्त्व निघाले. दर वर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होते. आमच्या घरात त्यामुळे दोनच युगे आहेत : गोळीबाराच्या आधीचे आणि नंतरचे. कोणाचे लग्न, कोणाचे बारसे, कोणती म्हैस केव्हा व्याली, हे सारे त्या दोन दिवसांच्या अलीकडे किंवा पलीकडे मांडलेले असते.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्या आंदोलनात होते. त्याविषयी ते बोलत नाहीत. शेजारचा एखादा पत्रकार मुलगा फार मागे लागला तर म्हणतात, "सगली व्हती. मी पन व्हतो." एवढेच.

पुढे आमची खाचरे संपादनात गेली. २६ मे १९८९ रोजी न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि रेल्वेमार्गावरून कंटेनरच्या मालगाड्या जाऊ लागल्या. मी पाच वर्षांचा होतो. दादांना त्या वेळी एका गोदामात पहारेकऱ्याचे काम मिळाले होते. रात्रपाळीला निघण्याआधी संध्याकाळ मोकळी असे. ज्या माणसाची संध्याकाळ जन्मभर बांधावर गेली, त्याला मोकळ्या संध्याकाळीचे काय करावे हे कळत नसावे. ते मला खांद्यावर घेऊन मागच्या अंगणात उभे राहत. लांबून भोंगा ऐकू आला की म्हणत, "गारी आली. मोज."

हे 'गारी' लिहिताना माझी लेखणी आजही क्षणभर थांबते. आमच्या आगरी बोलीत गाडीची गारी होते आणि घोड्याचा घोरा. त्या बोलीत मी शंभरापर्यंत मोजायला शिकलो. बालवाडीच्या बाईंना वाटले की हे त्यांच्या शिकवण्याचे फळ. आम्ही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

खेळाचे नियम दादांनी ठरवले होते. इंजिन मोजायचे नाही, कारण ते ओढणारे. डोळे मिटले तर गाडी बाद. आकडा चुकला तर भांडायचे नाही, दुसऱ्या गाडीची वाट पाहायची. मतभेद एकाच नियमावर होता. मालगाडीच्या शेवटी गार्डचा एक लहानसा डबा असतो. तो मोजायचा की नाही? माझे म्हणणे, त्यात माल नाही, म्हणून तो मालाचा डबा नाही. दादांचे म्हणणे अगदी साधे होते.

"त्यात मानूस हाय. मानसाला मोजाचा नाय तं कोनाला मोजाचा?"

हा वाद मी शाळेत नेला, महाविद्यालयात नेला, एम. ए. होऊन परत आणला. पण निकाल लागला नाही.

थोरली चालू लागल्यावर दादांनी तिला खांद्यावर घेतले आणि खेळ पुढे सुरू झाला. आता अंगणाच्या जागी गच्ची होती, आणि खाचरांच्या जागी एकावर एक रचलेले कंटेनर. मी शेजारी उभा राहून तिला शुद्ध मराठी शिकवीत असे. "याला वॅगन म्हणू नये, बाळ. मराठीत वाघीण म्हणतात." इंग्रजी शब्द कानावर पडून पडून आपल्या लोकांनी त्याची वाघीण करून टाकली, इतका झकास शब्द कोणत्याही कोशकाराला सुचला नसता. पुढे धाकट्यालाही मी हेच सांगितले. त्याने पंचेचाळीसच्या पंचेचाळीस वाघिणी डोळे ताणून पाहिल्या आणि भोकाड पसरले. "एकीतपण वाघीण नव्हती!" दादा इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. त्यानंतर आठ दिवस घरात जो कोणी खोटे बोलेल त्याला 'वाघीण दाखव' असे म्हणायची पद्धत पडली. बहुतेक वेळा ती मलाच दाखवावी लागली.

गार्डच्या डब्याच्या प्रश्नावर दोन्ही मुले आज्याच्या पक्षात गेली. गार्ड हिरवे निशाण धरून उभा दिसला की तिघेही हात हलवीत. कधी तोही हलवी. मग थोरली मोठ्याने म्हणे, "शेचाळीस!" आणि माझ्याकडे बघे.

ती सातआठ वर्षांची असताना तिने एकदा विचारले, "आजा, तू रोज का मोजतोस? तुला कोण पगार देतो?"

दादा बराच वेळ बोलले नाहीत. गाडी निघून गेली होती. मग म्हणाले, "आपल्या बांधावरशी जातंय ना, बाय? मंग किती गेला त्यो हिशेब आपल्याकरं नको?"

मी तिथेच उभा होतो. तीस वर्षे ज्याला मी माझी करमणूक समजत होतो, ती त्यांची नव्हतीच असे त्या क्षणी वाटले. मग वाटले, असेही नाही. करमणूक होती म्हणून तर तो हिशेब त्यांना सोसला. रोज संध्याकाळी मनात मांडायचा जाबजबाब त्यांनी एका पोराच्या हातात खेळ म्हणून दिला. मोजता मोजता पोर हसले, पोराबरोबर तेही हसले. पोरांना वाटते आजा आपल्याला खेळवतो. कोण कोणाला खेळवत असते, हे घरात चटकन सांगता येत नाही.

काळाने आमच्या गच्चीला पुष्कळ नवे काही पाहायला दिले. १२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे आणि खारकोपर ते उरण लोकल मार्गाचे उद्घाटन झाले. तो एकवीस किलोमीटरांहून लांब पूल आमच्या शेजारच्या चिर्ल्यापाशी जमिनीला टेकतो. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. चिरंजीवांनी ताबडतोब विमाने मोजायला घेतली. दादांनी दोन दिवस मान वर करून पाहिले आणि खेळ सोडून दिला. "याला शेवटचा डबा नाय," ते म्हणाले. "संपला कधी ते कलंत नाय."

यंदा थोरली अकरावीला गेली. महाविद्यालय नेरूळच्या बाजूला. पहिल्या दिवशी मी तिला शेमटीखार स्थानकावर सोडायला निघालो, तर म्हणाली, "बाबा, तू नको येऊस. मी जाईन." सौ.ने डबा भरून दिला, आईने दृष्ट काढली, मी तिकीट, ओळखपत्र आणि छत्री यांवर एक व्याख्यान दिले. दादा नुसते ओटीवर बसून होते. ती त्यांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलले काहीच नाहीत.

ती गेली आणि घर एकदम मोठे झाले. मी वही काढली. तारीख घातली, वेळ घातली, 'एकटीने पहिला प्रवास' असे लिहिले. पुढे काय लिहावे ते सुचेना. पोर शेवटची कधी आज्याच्या खांद्यावर बसली, याची तारीख माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही. त्या दिवशी ती खाली उतरली, चहा प्यायली आणि अभ्यासाला गेली असेल. आम्हाला वाटले असेल, उद्या पुन्हा बसेल.

तेवढ्यात फोन वाजला. तिचाच. माझा जीव घशात आला.

"बाबा, आजाला दे."

मी फोन दादांच्या कानाला लावला आणि, खरे सांगायचे तर, माझाही कान शेजारी नेला.

"आजा, गारीत बसले. मोजले मी फलाटावर. बारा डबे."

"आन गार्ड?" दादांनी विचारले.

ती थोडी थांबली. मागे गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. "आजा, हिला गार्डचा डबा वेगळा नसतो. तो बाराव्यातच बसतो. लोकांबरोबर."

दादांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांच्या तोंडावर, चाळीस वर्षांचा दावा वरच्या न्यायालयात जिंकलेल्या पक्षकाराचे हसू होते. "आयकलास?" ते म्हणाले. "मोजायलाच लागतो."

मी मान्य केले. दुसरे काय करणार?

रात्री सगळे झोपल्यावर मी ती वही पुन्हा उघडली. थोरलीच्या पहिल्या शब्दाचे पान काढले. तिथे माझ्या सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'पहिला शब्द – गाडी.' ती संध्याकाळ मात्र मला स्वच्छ आठवत होती, कारण तेव्हा मी घड्याळ पाहिले नव्हते. ती दादांच्या खांद्यावर होती, बोट रुळांकडे होते आणि तिने म्हटलेला शब्द गाडी नव्हता. घरी येऊन वहीत लिहिताना मी तो सुधारला होता. प्राध्यापकाच्या मुलीचा पहिला शब्द अशुद्ध कसा असेल, असे त्या वेळी मला वाटले असावे. त्या खाली दुसऱ्या कोणाचेही नाव नव्हते. ना खांदा देणाऱ्याचे, ना बोट धरणाऱ्याचे. माल सगळा मोजला होता, माणूस राहिला होता.

मी तांबड्या शाईचे पेन घेतले, ज्याने पोरांचे पेपर तपासतो तेच. 'गाडी'वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिले : 'गारी. दादांच्या खांद्यावर.'

लांबून भोंगा ऐकू आला. रात्रीची मालगाडी. पलीकडच्या खोलीत दादांची बाज करकरली. ते जागे होते तर. मी दिवा मालवला आणि अंधारात बसून मोजू लागलो. पंचेचाळीस झाल्या. खडखडाट पुढे सरकला आणि शेवटी एक हलका आवाज झाला.

"शेचाळीस," मी म्हटले.

भिंतीपलीकडून दादा समाधानाने खाकरले.