मिरजोळ्याच्या सड्यावरून दिसणारे आकाश

रत्नागिरी शहराच्या पूर्वेस मिरजोळे गावाकडे जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा पसरलेला आहे. पावसाळ्यात तो हिरवागार असतो आणि वैशाखात तापलेल्या तव्यासारखा होतो. ह्याच सड्यावर रत्नागिरीची धावपट्टी आहे. बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर सकाळी फिरण्यासाठी मी ह्या बाजूचा रस्ता निवडला. सौभाग्यवती म्हणते, "लोक भाट्याच्या समुद्रावर जातात, तुम्ही मात्र आकाशाकडे पाहत चालता." तिचे म्हणणे खरे आहे. विमानांचे वेड मला शाळकरी वयापासून आहे; पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेतली, आयुष्य खतावण्यांत गेले, पण वेड गेले नाही.

गेल्या वर्षी ह्या वेडाला अचानक कामाचे स्वरूप आले. धावपट्टी सध्या तटरक्षक दलाकडे आहे. तेथून प्रवासी विमानेही उडावीत म्हणून नव्या इमारतीचे काम हाती घेतले गेले आणि गावात चर्चा सुरू झाली. माझा पुतण्या कापडाचे घाऊक दुकान चालवतो. एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "काका, विमानतळाजवळ वीस खोल्यांचे लॉज बांधायचा विचार आहे. दुकानाची इमारत तारण ठेवली तर बँक कर्ज देईल. तुम्हाला विमानांतले कळते आणि बँकेतलेही. तुम्ही काय म्हणता?"

ती इमारत माझ्या वडिलांनी उभी केलेली. उत्तरासाठी मी पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत जे मनात जुळले, ते आपल्या व्यापारी वाचकांसमोर ठेवतो.

आरंभ आपल्याच समाजातील एका थोर पुरुषापासून करतो. कोकण किनाऱ्यावर गस्त घालणारी तटरक्षक दलाची दोन इंजिनांची लहान डॉर्निअर विमाने आपण पाहिली असतील. त्यांचा मूळ आराखडा जर्मन असला, तरी ती हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर येथील कारखान्यात तयार होतात. ह्या संस्थेचे मूळ म्हणजे सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद. १९३९ साली पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली ह्या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. त्या बोलण्यातून कल्पना निघाली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी हार्लो जातीचे शिकाऊ विमान तेथे जुळवून आकाशात उडवले गेले. महायुद्ध दाराशी आल्यावर १९४२ साली सरकारने कारखान्याचा ताबा घेतला.

वालचंद शेठजींना भाड्याच्या लढाईचाही चांगला अनुभव होता. त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाली, त्यानंतर मातब्बर परकीय कंपन्यांनी दर पाडून तिला जेरीस आणले. त्याआधी तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै ह्यांच्या स्वदेशी कंपनीविरुद्ध तर प्रतिस्पर्ध्याने उतारूंना फुकट प्रवास आणि वर छत्री भेट देऊ केल्याचे सांगतात. ती स्वदेशी कंपनी १९११ साली मोडीत निघाली. स्वस्त तिकीट ही आजच्या काळाची निर्मिती आहे असे मानू नये. तिकीट स्वस्त असते तेव्हा उरलेली किंमत कोणीतरी दुसरा चुकवीत असतो, एवढे ह्यातून दिसते.

आपल्या देशात २००३ साली कॅप्टन गोपीनाथ ह्यांच्या एअर डेक्कनने सामान्य माणसाला विमानात बसवले. स्वस्त विमानसेवेचे गणित किराणा दुकानासारखेच आहे: नफा थोडा, उलाढाल मोठी. विमान एकाच जातीचे ठेवायचे, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सुटे भाग ह्यांवरचा खर्च आटोक्यात राहतो. खुर्च्या दाटीने बसवायच्या, खाण्याचे पैसे वेगळे घ्यायचे आणि उतरलेले विमान अर्ध्या तासात पुन्हा उडवायचे, कारण उभे विमान म्हणजे न विकलेला माल. इंडिगोने २००६ पासून हे शिस्तीने केले. २००५ साली त्यांनी एअरबसकडे १०० विमानांची मागणी नोंदवली होती, २०२३ साली एकदम ५०० विमानांची नोंदवली. घाऊक खरेदीदाराला भाव उतरवून मिळतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

परंतु ह्या धंद्यात उत्पन्न रुपयांत येते आणि विमानाचे भाडे डॉलरमध्ये जाते. इंधनावर एकूण खर्चाचा मोठा हिस्सा जातो आणि ते अजून जीएसटीच्या कक्षेतही आलेले नाही. शिवाय मोठी प्रवासी विमाने बनवणारे मुख्यतः दोनच, अमेरिकेचे बोइंग आणि युरोपचे एअरबस. त्यांच्याकडे किंवा त्यांच्या इंजिनांत दोष निघाला, तर गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नाही. बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ व २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे दगावली आणि जगभर ती विमाने जमिनीवर बसवावी लागली. किंगफिशर २०१२ साली थांबली, जेट २०१९ साली, गो फर्स्ट २०२३ साली. प्रत्येकीच्या पतनाची कारणे निराळी, पण बँकांची थकबाकी मात्र सारखी.

येथे एक कबुली देतो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून मी एका विमान कंपनीचे दोन लाखांचे समभाग घेतले होते. ताळेबंद वाचता येणाऱ्या माणसाने तो वाचला नाही. विमानाच्या शेपटीचा रंग पाहून पैसे गुंतवले. त्यातले परत काही आले नाही. सौभाग्यवतीने एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच अधिक लागले. आवड आणि गुंतवणूक ह्यांची खाती वेगळी ठेवावीत, हे मी शेकडो कर्जदारांना सांगितले होते. स्वतः मात्र दोन लाख मोजून शिकलो.

आता कोकणाकडे येऊ. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. काही आठवड्यांतच आम्ही उभयता पहाटे मोटारीने निघालो. लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ असा चार तासांचा प्रवास केला तो केवळ विमानात बसण्यासाठी. उत्तरेस मुंबईला जायला आधी दक्षिणेस गेलो! विमान एटीआर ७२ जातीचे होते. ही फ्रेंच-इटालियन विमाने पंख्याची, सुमारे ७० आसनांची. जेटपेक्षा गती कमी, पण इंधन थोडे लागते आणि लहान धावपट्टी पुरते. पंख वरच्या अंगाला असल्याने खालचा देखावा झाकला जात नाही. खाडी, सडा, पुन्हा खाडी, मध्येच माडांची रेघ, असा आपला मुलूख डोळे भरून पाहिला. ह्या सेवेला 'उडान' योजनेचे साहाय्य होते. ह्या योजनेत काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवतात आणि कंपनीची तूट सरकार तीन वर्षांपुरती भरून काढते. तीन वर्षे संपल्यावर २०२४ साली मुंबईची ती सेवा थांबली. गोव्याच्या फ्लाय ९१ ने एटीआर विमानांनीच चिपीला इतर शहरांशी जोडले. कोल्हापूरहून तेथीलच घोडावत समूहाची स्टार एअर ब्राझीलच्या एम्ब्राएर विमानांनी सेवा देते. लहान गावाला लहान विमानच टिकते.

रत्नागिरीचा हिशेब मी पुतण्यासमोर कागदावर मांडला. ७० आसनांचे विमान रोज एक फेरी करील, तर जाऊन-येऊन १४०, म्हणजे वर्षाला ५१,१०० आसने. त्यांपैकी पाऊण भाग भरायचा, तर ३८,००० हून अधिक तिकिटे खपली पाहिजेत. गणपती, दिवाळी आणि मे महिना सोडला, तर एवढे उतारू कोण? मुंबईहून पहाटे निघालेली वंदे भारत दुपारच्या जेवणाआधी रत्नागिरीत येते. मुंबईत घरून विमानतळ गाठायचा, दोन तास आधी पोहोचायचे. वाचला तो वेळ तेथेच गेला. आषाढात ढग सड्यावर टेकतात, तेव्हा विमान न उतरता परत जाण्याची शक्यताही धरावी लागते. आंब्याचे म्हणाल, तर मालमोटार रात्रीत वाशीला पोहोचते आणि परदेशी जाणाऱ्या हापूसवरील प्रक्रियाही तेथे होते. पुणे, हैदराबाद, बंगळूर अशा लांबच्या गावांसाठी मात्र विमानाचा खरा उपयोग आहे. आपली मुले आता तेथेच नोकरीला आहेत.

पुतण्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, म्हणजे विमान येऊच नये असे तुमचे म्हणणे?"

मी म्हणालो, "अरे, माझ्याइतकी वाट कोणी पाहत नसेल. पण असा धंदा कर की जो विमान आले नाही तरी चालेल. आले तर ती वरकड कमाई समज. आणि आजोबांची इमारत तारणात घालू नकोस."

त्याने तारणाचे कागद तूर्त बाजूला ठेवले आहेत. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या कुटुंबांसाठी स्वतःच्या भांडवलावर सहा खोल्या बांधण्याचे त्याने ठरवले. जागा मिरजोळ्याच्याच बाजूला घेतली आहे. घराण्याचे वेड थोडे त्याच्याही रक्तात उतरले असावे.

मी अजून रोज सकाळी त्या रस्त्याने जातो. पहिले प्रवासी विमान उतरेल त्या दिवशी उद्घाटनाला गर्दी होईल, तेव्हा मी जाणार नाही. त्यानंतरच्या श्रावणातील एखाद्या साध्या मंगळवारी तिकीट काढीन आणि किती खुर्च्या भरल्या आहेत ते मोजीन. निम्म्याहून अधिक भरलेल्या दिसल्या, तर पुतण्याला सातवी खोली बांधायला सांगेन.